वईपलीकडचं माहेर

१४ एप्रिल १९५७

आज मी विहिरीवर पडले. पडले म्हणजे आत नाही — आत पडले असते तर हे लिहायला कोण बसलं असतं! पोहरा वर ओढत होते, एकदम डोळ्यांपुढे अंधारी आली, पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा गुणा कठड्याला धरून उभा, टाचा उंचावून आत वाकून बघत होता. सव्वा वर्षाचं पोर. आत्ता कुठं उभं राहायला शिकलंय, आणि शिकून पहिलं काय केलं तर हे!

ओरडले नाही. ओरडले असते तर दचकून गेलाच असता. सरपटत गेले आणि झबल्याला धरून मागे ओढला. मग मात्र दोघंही मोठमोठ्याने रडलो.

आत्याबाईंनी माजघरातून विचारलं, "काय ग नलू, पोहरा सोडलास काय आत?"

सून नाही, नातू नाही. पोहरा!

१६ एप्रिल

मामंजी डॉक्टरकडे घेऊन गेले. अंगात रक्त नाही म्हणे. डॉक्टर म्हणाले, "आठ-पंधरा दिवस स्वस्थ पडू द्या हिला. पोराला रात्री दुसऱ्या कुणीतरी घ्या." मामंजींनी मान डोलावली. घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं, त्यांनीही डोलावली. मग म्हणाल्या, "डाक्टरचं काय जातं सांगायला. त्याला भाकऱ्या थापायच्या हायत?"

गुणाचे दात येताहेत. दिवसभर किरकिर आणि रात्रभर जागरण. नाव गुणाजी ठेवलंय — सासरच्या पणजोबांचं. त्यांना असे किती दात होते कोण जाणे.

१७ एप्रिल

स्वस्थ पडायचं कुठं? आज भांडी घासताना तेवढाच विचार केला.

माथेरान — शाळामास्तरांची बायको जाऊन आली, महिनाभर तेच सांगत होती. आमच्यासारख्यांनी ऐकायचं.

मुंबई — हे गोदीत कामाला. खोलीत सहा बाप्ये. तिथं गेले तर सहा जणांचं जेवण करीन आणि वर म्हणतील, नलू हवापालटाला आलीय!

राहिलं माहेर. आणि माझं माहेर कुठं, तर सासरच्या वाडीला जी वई आहे, कुंपणाची, त्या वईपलीकडे! परसात उभं राहिलं की आईच्या चुलीचा धूर दिसतो. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, नलूचं नशीब बघा, लेक डोळ्यांपुढे राहील. डोळ्यांपुढेच राहिले मी. चार वर्षांत एक रात्र माहेरी झोपले नाही, बाळंतपणसुद्धा इथंच झालं.

२० एप्रिल

आत्याबाईंना विचारलं. पाय चेपताना विचारलं, म्हणजे जरा मऊ असतील.

"आठ दिवस आईकडे जाऊ का?"

"कुठं?"

"आईकडे. राहायला."

हसल्याच! "अग, गावातच तर माहेर तुजं. वई ओलांडलीस की माहेर, आन् परत ओलांडलीस की सासर. त्याला र्‍हायला कशाला पायजे? लांबच्या पोरी जातात, त्यांचं येगळं."

लांबच्या पोरींचं वेगळं! त्यांना दमायला होतं. लांबून आलेल्या ना. मी जवळून आले, म्हणून मी लोखंडाची.

खालच्या आळीतली आवडाबाईची सून आज गेली. भाऊ आला होता मुराळी. डोक्यावर टोपी, हातात करंज्यांची दुरडी. ती त्याच्या मागून अशी चालली होती की पाय जमिनीला लागत नव्हते. मी दारातून बघितलं. मत्सर वाटला. स्वच्छ लिहिते — मत्सर वाटला.

२४ एप्रिल

यांचं पत्र. "माहेर गावातच आहे हे फार बरे. जाण्यायेण्याचा खर्च नाही. जरूर विश्रांती घे, आणि आईला कामात मदत करीत जा."

दोन्ही एकाच ओळीत लिहिलंय. मधे टिंबसुद्धा दिलं नाही.

२६ एप्रिल

वईशी जाऊन आईला सगळं सांगितलं. विहिरीचं आजवर सांगितलं नव्हतं. ती मटकन खालीच बसली. मग उठली आणि म्हणाली, "मागून कोण देत न्हाय. मुराळी धाडते."

"गावातल्या गावात मुराळी? लोक हसतील."

"हसू देत. दारात आलेला मुराळी रिकामा परत पाठवीत न्हायत. तुजी सासू कितीही तिखट असली तरी येवढं मोडायची न्हाय."

आई ग! अशी आई प्रत्येकीला मिळो. चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाजूने बोललं.

वहिनी — अंबादादाची बायको, नीरा — मागे गोवऱ्या रचत होती. तिने मान वर करून बघितलं आणि पुढची गोवरी उचलली. तिला काय, मी गेले तर दोन ताटं वाढणार.

२९ एप्रिल

दादा म्हणतो, मुराळी व्हायचं तर नीट व्हायचं. तो बंदरावर तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवतो, रेवदंड्याहून खाडीपलीकडे साळावला माणसं पोचवायची आणि तिकडची इकडे आणायची. दर वैशाखात अख्ख्या गावाच्या लेकी-सुना त्याच्या होडीतून माहेरी जातात-येतात. म्हणाला, "सगळ्या गावाच्या बहिणी नेल्या मी, माझीच र्‍हायली. तुला पण खाडी ओलांडून नेणार."

"पण माहेर या काठाला आहे!"

"मग परत आणीन."

खूप दिवसांनी पोट धरून हसले.

२ मे

अक्षय्यतृतीया. पुरणपोळ्या लाटून मनगटं गेली. उद्या! कोणाला काही बोलले नाही. गुणाची दोन झबली दुपारीच वळकटीत गुंडाळून ठेवली.

३ मे

आईकडून लिहिते आहे. आईकडून!

सकाळी दादा आला. नवं धोतर, डोक्यावर काळी टोपी, हातात दुरडी. पुढच्या दाराने आला, एरवी परसातूनच येतो. त्याच्यामागे वहिनी, पोराला घ्यायला. अर्धी आळी गोळा झाली.

आत्याबाई म्हणाल्या, "काय रे अंबाजी, कुठून आलास?"

"माहेराहून आलो. नलूला न्यायला."

"कुठल्या माहेराहून?"

"तिच्या."

कोणीतरी फिसकन हसलं. आत्याबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण आई म्हणाली तेच खरं. दारातला मुराळी त्यांना परतवता येईना. आत गेल्या, दादाला गूळपाणी आणलं, माझी ओटी भरली. हळद लावताना मात्र बोट जरा जोरातच दाबलं. "आठ दिवस हां," म्हणाल्या. "नवव्या दिवशी जेवायला हितं."

मग बंदर. दादाने मला मधल्या फळीवर बसवलं, इतर उतारूंसारखं. गुणा वहिनीच्या मांडीवर. वारा असा लागला की किरकिर विसरून पोर पाण्याला हात मारायला लागलं. मला रडू आलं. कशाचं ते कळलं नाही, वाईट काहीच वाटत नव्हतं.

साळावला उतरलो. करंज्या खाल्ल्या. दादा म्हणाला, आता तू लांबून आलीस, आता चल माहेरी. मी होडीत बसले, पण वहिनीचा पत्ता नाही. ती वर, मोटर थांबते तिथं, गुणाला कडेवर घेऊन उभी, मुरूडच्या रस्त्याकडे बघत. दादाने दोन हाका मारल्या. आली ती विचारत, "बोर्लीची मोटर गेली काय?"

"आपल्याला काय करायचीय मोटर?" दादा म्हणाला. "बस लवकर, भरती लागलीय."

बोर्ली तिचं माहेर. पोराला भर उन्हात उभं केलं तिने. मला रागच आला होता, पण आज कोणावर रागवायचं नाही असं ठरवलंय.

४ मे

झोपले. उजाडल्यावर उठले, जेवले आणि पुन्हा झोपले. एवढंच लिहायचं आहे.

५ मे

आज आत्याबाईंची हाक आली. वईपलीकडून — "नलूऽऽ! फडताळाची चावी कुठाय ग?"

मी उठायलाच लागले होते. पाय आपोआप खाली आले. आईने मला खांद्याला धरून निजवलं आणि मागल्या दारात जाऊन ओरडली, "नलू गावात न्हाय!"

"न्हाय कशी? काल दिसली की मला!"

"माहेरी गेलीय ती. आठ दिसांनी येईल, तवा विचारा!"

मग थोड्या वेळाने आत्याबाईंचाच आवाज, शकूवर — माझ्या नणंदेवर — "अग शोध की चावी! तुला डोळं न्हायत?" शकूला डोळे आहेत हे त्यांना चार वर्षांनी कळलं. उशीत तोंड खुपसून हसले.

७ मे

हेच खरं सुख. माथेरानला याहून वेगळं काय असणार! झोपायला जागा, वरती पोफळींची सावली, समुद्राचा वारा, आणि पोर दुसऱ्याच्या कडेवर. खर्च म्हणाल तर एक दुरडी करंज्या.

गुणाला पहाटेच वहिनी उचलून नेते. मी उठते तेव्हा त्याचं न्हाऊ-माखू झालेलं असतं, भातही भरवलेला असतो. तिच्याकडे तो रडत नाही. पेंड्यांच्या ढिगावर बसवते आणि कामं करता करता त्याच्याशी काहीबाही बोलते. माझ्याशी मात्र बोलत नाही. विचारलं तेवढं उत्तर. ताट ठेवते तेही न बघता. मी आईला म्हटलं, "वहिनीला मी आलेली आवडली नाही वाटतं."

आई म्हणाली, "तिकडं ध्यान देऊ नको. तिचं त्वांडच तसं हाय."

एक गंमत. आई दिवसभर हाका मारते — नीरा, पाणी झालं काय? नीरा, गुरं सोडलीस? नीरा, मेलीस काय तिकडं? प्रत्येक हाकेला मी दचकून जागी होते. मग कळतं, हाक माझी नाही. इतकं बरं वाटतं! पुन्हा डोळा लागतो.

८ मे

आत्याबाई वईशी आल्या होत्या. हातात चार आंबे, गुणासाठी. फांद्यांतून एकेक पुढे केला. "पोर माझ्यावाचून झोपतंय काय ग?" मी म्हटलं, झोपतंय छान. खोटं नाही. त्यांचं तोंड उतरलं. उतरू दे!

जाताना म्हणाल्या, "वजन चढलंय तुजं." म्हणजे बरं वाटलं की टोचलं, देवाला ठाऊक.

९ मे

आज नको ते कानावर पडलं.

दुपारी ओटीवर पडले होते. आत वहिनीचा आवाज, अगदी हळू. "आत्याबाई, नलूताई गेल्यावर मी दोन दिस बोर्लीला जाऊन येऊ काय? बाबांना बरं न्हाय म्हनं."

आई म्हणाली, "कोण बोललं?"

"तरीवर बोर्लीचा माणूस आलावता. यांना सांगितलंन त्यानं."

"म्हातारी माणसं, बरं नसतंच. मागं गेलीवतीस की."

"त्याला तीन वर्सं झाली."

"मग? तुला काय पोर न्हाय, बाळ न्हाय. दमायला तुज्या कडेवर हाय काय?"

थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज सुरू झाला, रोजचाच.

मी उठून आत जायला हवं होतं का? जाऊन काय म्हणणार? आईने माझ्यासाठी एवढं केलं, तिला तिच्याच घरात शिकवू? आणि वहिनीलाही आत्ताच मिळाली वेळ — माझे जेमतेम दोन दिवस उरलेत! नवरा रोज साळावला जातो तिचा, त्याला सांगायचं. माझे आठ दिवस मी भांडून मिळवलेत. कोणी ताटात वाढून दिले नाहीत.

कूस बदलली. झोप मात्र आली नाही.

१० मे

संध्याकाळी गुणाला घ्यायला गोठ्याकडे गेले. वहिनी त्याला मांडीवर घेऊन बसली होती, तो तिच्या मंगळसूत्राशी खेळत होता. मी म्हटलं, "वहिनी, मी बोलू का आईशी? तुमच्या बोर्लीचं."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. म्हणाली, "ऐकलंत काय?"

"हो."

"कवा?"

"काल."

"काल ऐकलंत," एवढंच म्हणाली. पोर माझ्या हातात दिलं आणि म्हैस पिळायला गेली.

मला फार राग आला. मी आपण होऊन विचारलं, ते गेलं कुठल्या कुठे! काल विचारलं काय आणि आज काय? रात्री आईशी बोलणारच होते. पण आई माझ्या केसांना तेल लावत होती, आठ दिवस संपत आले म्हणून डोळे पुसत होती. मग राहिलं.

११ मे, शनिवार

वहिनी गेली.

सकाळी उठले तर गुणा माझ्याच शेजारी, ओला, भोकांड पसरलेला. चूल थंड. आई घरभर हाका मारत हिंडत होती. गोठ्यात बघितलं, विहिरीवर बघितलं. विहिरीवर आई आत वाकून बघत होती तेव्हा मी गुणाला घट्ट धरून लांबच उभी राहिले. वहिनीच्या खुंटीवरचं लुगडं नव्हतं, तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला आणि तोंड सुटलं. काय काय बोलली ते लिहीत नाही. आत्याबाई बोलतात तेच. शब्दही तेच.

पहिली खेप करून दादा आला. ओटीवर बसला, टोपी काढली. आई म्हणाली, "तुजी बायको कुठाय?"

"साळावला सोडली."

"तू सोडलीस?"

"मी काय सोडतोय! अंधारात माणसं चढली. डोक्यावरून पदर घेऊन एक बाई कडेला बसलीवती. मधे गेल्यावर भाडं गोळा करायला लागलो. तिनं हात पुढं केलान. बांगड्यांवरून वळखलं."

"मग होडी फिरवायची व्हती!"

"धा माणसं व्हती आत. काय सांगू त्यांना?" दादा बराच वेळ टोपीकडे बघत बसला. "म्हणालीन, सगळ्यांकडनं घेता तसं घ्या. घेतलं मी."

"आन् परत कधी येणार?"

"म्हणालीन, मुराळी उलटा धाडा. सासरचा माणूस आणायला आला तर येईन."

आई कपाळावर हात मारून घेत होती. मला हसू फुटेना आणि रडूही. सगळ्या गावाच्या लेकी नेल्या याने, मला तर उगीचच नेऊन आणली — आणि जिला खरंच पलीकडे जायचं होतं, तिने भाडं भरलं.

पण घरात लगेच काम होतं. म्हैस ओरडत होती. मी पिळली. भाकऱ्या केल्या. पाणी भरलं — गुणाला खाटेच्या पायाला धोतराने बांधून, कारण आता तो विहिरीकडेच धावतो. आई म्हणाली, "नलू, चार दिस र्‍हा ग अजून. अंबाजी तिला घेऊन येईपतूर. माझ्यानं एकटीनं होत न्हाय." तिच्यानं होत नाही हे खरंच. इतकी वर्षं कधी केलंच नव्हतं तिने.

दुपारी वईपलीकडून आत्याबाई — "उद्या जेवायला हायस ना ग?"

आई ओरडली, "उद्या न्हाय! अजून चार दिस माहेरपण हाय तिचं!"

आत्याबाई म्हणाल्या, "मज्जा हाय बाबा एकेकीची!"

१२ मे

पहाटे उठून चूल पेटवली. गुणा कडेवर. आतून आईने हाक मारली — "नीराऽऽ!"

सवयीने मारली बिचारीने.

आणि माझ्याही तोंडून गेलं — "आले, आत्याबाई."